पाळण्यावरची शिशाची ऑलिव्हं

लल्ला शादलिया वर्गी आमच्या ऐन तीना गावच्या दवाखान्यात लस टोचायच्या आणि मी, लज़हर, त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. मानाच्या बाईला आमच्याकडे लल्ला म्हणतात. ब्याण्णव सालापासून वीस वर्षं आम्ही दोघांनी त्या पांढऱ्या जीपमधून केफ शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्या तुडवल्या. एखाद्या वस्तीवरून आमचा धुरळा दिसला की पोरं मेंढ्यांच्या गोठ्यात दडून बसायची. लल्ला मात्र प्रत्येकाला नावानिशी हाक मारून बाहेर काढायच्या. कुणाचा कितवा डोस राहिलाय हे त्यांना वही न बघता ठाऊक असायचं.

बाईंचं काहीतरी वेगळं आहे, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. घाट उतरून मोकळ्या रानात आलो की त्या म्हणायच्या, "थांब." मग खाली उतरून एक्स-रेच्या जुन्या पाकिटातून एक कागद काढायच्या. समोरच्या डोंगराकडे बघायच्या, कागदाकडे बघायच्या, पुन्हा डोंगराकडे. मग मान हलवून गाडीत येऊन बसायच्या.

चौथ्या दिवशी मला राहवेना. "लल्ला, काही हरवलंय का?"

"युद्ध," त्या म्हणाल्या.

"काय?"

"युद्ध. दोन हजार वर्षांपूर्वीचं. रोमन सैन्याला इथल्या राजाच्या घोडेस्वारांनी झोडपलं होतं. कुठे, ते कुणालाच माहीत नाही."

"दोन हजार वर्षं झाली ना? मग आता कुणी मागायला यायचं नाही. बसा गाडीत."

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, आता माझी तक्रार होणार. पण त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. सुबक अरबी अक्षरात अकरा ओळी होत्या. सैन्य उन्हाळ्यात घाट उतरून आलं. सगळे तहानलेले. उजव्या हाताला लांबट टेकडी, तिच्या पायथ्याला वळसा घालून जाणारी नदी. पाणी डोळ्यांना दिसत होतं. टेकडीवर राजाचे गोफणवाले आणि मागे घोडेस्वार दबा धरून बसले होते. दिवसभर लढाई झाली ती पाण्यापर्यंत पोचण्यासाठी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सेनापतीने मेलेल्यांची मोजदाद करू दिली नाही.

हा कागद त्यांना सी अल्लालांनी दिला होता. सी अल्लाला म्हणजे अल्लालासाहेब, ऐन तीनाच्या शाळेतले निवृत्त मास्तर. शेवटच्या आजारात लल्ला तीन महिने रोज त्यांना इंजेक्शन द्यायला जायच्या. सुई टोचून घेताना दुखू नये म्हणून मास्तर मोठ्याने लॅटिन वाचायचे, आणि मग लल्लांना कळावं म्हणून अरबीत अर्थ सांगायचे; कागदावरच्या अकरा ओळी त्यातल्याच. मोठमोठे विद्वान हे रणांगण दूर वायव्येला धरतात, पण ते आपल्याच टेकड्यांत कुठेतरी आहे, असं मास्तरांचं ठाम मत होतं. शोधायला त्यांच्या पायात बळ उरलं नव्हतं.

"मास्तरांना बरं वाटावं म्हणून तुम्ही हे डोक्यात घेतलंत?" मी विचारलं.

"नाही रे." "आपल्या भागात एक दिवसाचं मूल गेलं तरी मी नोंद करते. नाव, वस्ती, तारीख. आणि इथे हजारो माणसं पाण्याकडे बघत मेली आणि जागेची नोंदसुद्धा नाही. मला ते बरं वाटत नाही."

मी गाडी सुरू केली.

लल्लांनी लग्न केलं नव्हतं. म्हातारी आई होती घरात. मी सकाळी हॉर्न वाजवला की ती दारातून ओरडायची, "लोकांच्या पोरींनी नवरे शोधले, माझी रणांगण शोधत हिंडते! लज़हर, सापडलं तर आधी मला दाखव, पसंत पडलं तर ठेवू!" लल्ला तिच्या हातात गोळ्या ठेवायच्या, डोक्यावरची शाल सारखी करायच्या आणि गाडीत बसायच्या.

शोध काही सोपा नव्हता. धातू शोधणारं यंत्र घेऊन जमीन चाचपायला सरकारी परवाना लागतो, आणि तो नर्सला कोण देणार? खणणं तर गुन्हाच. म्हणून लल्ला फक्त चालायच्या. आमचं काम दुपारी एक-दोनला आटपायचं. मग कुठल्यातरी ओढ्याकाठी बसून आम्ही भाजक्या पिठात तेल कालवून खायचो, आणि मी गाडीखाली ताणून द्यायचो. त्या मात्र नांगरलेल्या शेतातून खाली मान घालून सरीसरीने फिरायच्या. शेतकरी विचारायचे, "लल्ला, काय पेरताय?"

पहिली पाच-सहा वर्षं त्यांनी एक दरी धरून ठेवली होती. टेकडी होती, नदी होती, घाटही होता. अठ्ठ्याण्णव साली त्या दरीत त्यांना बुटाचे लोखंडी खिळे सापडले, एकदोन नव्हे, ओंजळभर. रोमन शिपायांच्या चपलांना खिळे असायचे हे त्यांनी वाचलेलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी राजधानीतल्या पुरातत्त्व कचेरीला पत्र लिहिलं. महिनाभराने सी नूमान नावाचे एक तरुण निरीक्षक आले. गावातले पन्नास-साठ लोक तमाशा बघायला दरीत जमले होते.

सी नूमाननी खिळा उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "लल्ला, हे कारखान्यात झालेले आहेत. त्रेचाळीस साली इंग्रज पलटण इथून गेली होती ना, तिच्या बुटांचे."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे रोमन लोक इंग्रजी बूट घालून आले होते!" सगळी दरी हसली. त्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव पडलं 'लल्ला खिळा'. भाजीवालासुद्धा विचारायचा, "लल्ला, टोमॅटो पाव किलो देऊ की पाव खिळा?"

सी नूमान हसले नाहीत, एवढं सांगायला हवं. जाताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी वस्तू उचलू नका. ती कुठे पडली होती, कशी पडली होती, ते लिहा. मला वस्तूपेक्षा जागा हवी."

"पुढची वेळ नाही यायची," लल्ला म्हणाल्या.

आणि खरंच, त्यांनी तो कागद काढणं बंद केलं. घाटातून उतरलो तरी 'थांब' म्हणायच्या नाहीत. दोन वर्षं, तीन वर्षं, मग दहा. त्यांची आई गेली. मीच एकदोनदा गाडी हळू केली, तर म्हणाल्या, "काय झालं? पेट्रोल संपलं का?" मला वाईट वाटायचं. आधी त्यांच्या वेडाची थट्टा करणारा मीच होतो, आणि आता ते वेड गेलं म्हणून करमत नव्हतं.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये आम्ही उलाद सलमा नावाच्या वस्तीवर गेलो होतो. हाज्जा मन्नाना या तिथल्या हज करून आलेल्या थोरल्या बाई. त्यांच्या नातवाला लस द्यायची होती. सात महिन्यांचं पोर पाळण्यात पडून, पाळण्यावरून लोकरीच्या दोऱ्याने लोंबणारं काहीतरी तोंडात घालून मजेत चोखत होतं. लल्लांनी सुई बाजूला ठेवली आणि पोराच्या तोंडातून ते ओढून काढलं.

"हे काय चघळायला दिलंय याला?"

"दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय," हाज्जा म्हणाल्या. "माझ्या सहाही पोरांच्या पाळण्याला हेच होतं. बघ, कसे बैलासारखे झालेत."

"शिसं आहे हे, हाज्जा! पोटात गेलं तर विष. पोराचं डोकं मंद होतं याने."

हाज्जांनी सुनेकडे पाहिलं. "तरीच माझा धाकटा तसा निघाला."

लल्ला आणखी बोलणार होत्या, पण बोलता बोलता त्यांनी ती वस्तू तळहातावर उलटी केली. स्पिरिटचा बोळा घेऊन पुसली. ऑलिव्हच्या फळाएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, राखाडी. हातात जड.

"हाज्जा, हे कुठे मिळालं?"

हाज्जांचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा झाला. "बाजारात."

"कुठल्या बाजारात?"

"जो बंद पडला त्यात."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या दोघांना गुप्तधन खणताना पोलिसांनी धरून नेलं होतं. तेव्हापासून जमिनीतून निघालेल्या कशाबद्दलही त्या भागात कुणी तोंड उघडत नव्हतं.

परतताना पाच मैल लल्ला खिडकीबाहेरच्या टेकड्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "गोफणीची गोळी आहे, लज़हर."

"माझ्या आजोबांकडे होती गोफण. ते दगड लावायचे."

"रोमन काळात शिसं ओतून करायचे. लहान असते, येताना दिसत नाही."

"नक्की ना? नाहीतर मागच्यासारखं…"

"मागच्या वेळी खिळे होते," त्या तुटकपणे म्हणाल्या. थोड्या वेळाने आवाज खाली आणून, "पण आधी पोरं."

त्या शब्दाला त्या जागल्या. पुढच्या आठवड्यात त्या वस्तीतल्या आणि आसपासच्या दोन वस्त्यांमधल्या सगळ्या लहान मुलांचं रक्त घेतलं, बर्फात घालून राजधानीला पाठवलं. निकाल यायला तीन आठवडे लागले. दोन मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं, त्यांतला एक हाज्जांचा नातू. लल्लांनी स्वतः त्या दोघांना आयांसकट मोठ्या इस्पितळात नेऊन दाखल केलं. या सगळ्या धावपळीत रणांगणाचा 'र' त्यांनी काढला नाही. मला मात्र चैन पडेना.

"विचारा ना आता! सगळ्या बायका तुमचं ऐकतात."

"विचारलं तर घाबरून गोळ्या लपवतील. लपवलेल्या गोळ्या पुन्हा पाळण्यावर जातील. तुला समजत कसं नाही?"

मग त्यांनी शुक्रवारच्या बाजारातून पिशवीभर पत्र्याचे पंजे आणले, आमच्या बायका दृष्ट लागू नये म्हणून दाराला लावतात तसे. पण मोठे, पोराच्या तोंडात मावणार नाहीत असे. घरोघर जाऊन त्या म्हणायच्या, "तुमचं ऑलिव्ह मला द्या, हा पंजा घ्या. याची ताकद जास्त." मिळालेली प्रत्येक गोळी औषधाच्या कागदी पुडीत घालून पुडीवर घराचं नाव लिहायच्या. वर्षभरात चौतीस गोळ्या जमल्या.

कुठून आल्या, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. बायकांनी आपणहून सांगितलं. हाज्जांचा नातू बरा होऊन भिंत धरून उभा राहायला लागला, त्या दिवशी हाज्जांनी आम्हाला चहा दिला, गडद लाल, वर चिलगोजे टाकलेला. आणि म्हणाल्या, "माझी आजी सांगायची, पिवळ्या टेकडीवर एका कंजुषाची बाग होती. तहानलेल्या वाटसरूंना त्याने पाणी दिलं नाही, म्हणून त्याच्या झाडांवरची ऑलिव्हं शिशाची झाली. पावसानंतर घळीत सापडतात. चल, दाखवते. पण पोलिसांना सांगितलंस ना शादलिया, तर तुझीच सुई तुला टोचीन."

पिवळी टेकडी! घाट उतरल्यावर उजव्या हाताला. आम्ही तिच्या समोरून किती वेळा गेलो असू, गणती नाही. लल्लांनी पहिल्याच वर्षी ती वहीतून खोडली होती, कारण नदी तिथून दीड कोस लांब वाहते. त्या दिवशी हाज्जांनी घळ दाखवली. तासाभरात लल्लांना मातीत अर्धवट रुतलेल्या तीन गोळ्या दिसल्या. हात न लावता त्यांनी प्रत्येकीच्या जागेची पावलं मोजून वहीत लिहिली. मग दगडावर बसल्या.

"घाट आहे. टेकडी आहे, उजव्या हाताला आहे. सगळं जुळतंय, लज़हर. नदीच तेवढी नाही. आणि नदीशिवाय या अकरा ओळींना काही अर्थ नाही."

मला काय कळतंय त्यातलं! पण दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात जोराचा पाऊस झाला आणि रस्ता वाहून गेला म्हणून मी उलाद सलमाहून टेकडीच्या पायथ्याने आडवाटेने गाडी घातली. मागचं चाक रुतलं ते आसापर्यंत. लल्ला छत्री धरून उभ्या आणि मी फावडं मारतोय, तोंडाने वाहनखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू. हातभर लाल मातीखाली स्वच्छ, धुतलेली वाळू लागली, आणि तिच्यात अंड्यासारखे गुळगुळीत गोटे.

"नदी मेली तिकडे आणि वाळू इथे! ही काय थट्टा आहे!" मी ओरडलो.

वळून पाहिलं तर लल्लांची छत्री खाली आलेली आणि त्या भिजत उभ्या.

"काय म्हणालास? परत म्हण."

मी परत म्हणालो. त्यांनी चिखलात गुडघे टेकले आणि तो गोटा दोन्ही हातांनी उचलला. नदीने पात्र बदललं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही त्या भागातल्या विहिरी खणणाऱ्यांना भेटलो. टेकडीच्या पायथ्याशी ज्या ज्या विहिरीत गोटे लागले होते त्यांवर लल्लांनी नकाशात ठिपके दिले. ठिपके जोडले, तर टेकडीला वळसा घालणारी रेघ उमटली.

त्यांनी सी नूमानना नऊ पानी पत्र लिहिलं. लिहिलं आणि ठेवून दिलं. अकरा दिवस ते त्यांच्या पिशवीतच होतं.

"टाका ना पेटीत," मी म्हणालो.

"परत साठ माणसं हसली तर?"

"मी त्यातला एकसष्टावा होतो मागच्या वेळी. आता साठच असतील."

तेव्हा त्या हसल्या. पत्र मी टाकलं.

पत्र टाकलं तो डिसेंबर दोन हजार दहा. पुढच्याच महिन्यात देशाचा अध्यक्ष विमानात बसून पळाला, रस्त्यांवर टायर जळत होते, कचेऱ्यांना कुलपं. पत्राचं कोण विचारतो? लल्लांना वाटलं ते कुठेतरी जळून गेलं असेल. वर्ष गेलं. दोन हजार बाराच्या जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. आम्ही दवाखान्यात केक कापला, डॉक्टरांनी भाषण केलं.

जुलैत एक धुळकट गाडी दवाखान्यासमोर थांबली. सी नूमान उतरले. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. हातात लल्लांची नऊ पानं, कडांना पेन्सिलीच्या खुणा.

"लल्ला शादलिया कुठे राहतात?" त्यांनी मला विचारलं. "हे पत्र मी चार वेळा वाचलंय. प्रत्येक गोळीला जागा आहे यात!"

पुढच्या वसंतात ते सहा जणांचं पथक, परवाने आणि यंत्रं घेऊन आले. पहिले तीन दिवस यंत्र किंचाळलं की निघायचा ट्रॅक्टरचा नट, नाहीतर सार्डिनचा डबा. लल्लांनी जेवण सोडलं. उलाद सलमाच्या बायका टेकडीवर बसून बघत होत्या, पण कुणी हसत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी घळीच्या वरच्या अंगाला एक गोळी लागली, मग दुसरी, मग मोजायला लागलो तर दुपारपर्यंत सत्तावीस. त्यांच्या जागी लाल झेंड्या लावल्या. संध्याकाळी पायथ्याशी एक गंजलेला लहानसा खिळा निघाला. सी नूमान पोटावर आडवे झाले, मऊ ब्रशने त्याच्या डोक्याची खालची बाजू साफ केली. तिथे एक फुली आणि चार ठिपके उठवलेले होते.

ते तसेच आडवे असताना म्हणाले, "लल्ला, हा बूट काही इंग्रजी नाही."

लल्लांनी माझा हात धरला तो इतका घट्ट की रात्री बोटं सुजली होती.

खिळ्यांना पिवळ्या झेंड्या लावत गेले. दोन हंगाम संपल्यावर टेकडीवरून पाहिलं तर उतारावर लालच लाल, आणि त्यातून पिवळ्या झेंड्यांची एक वाकडीतिकडी रांग जुन्या पात्राकडे निघालेली. ती पात्राच्या अलीकडे दीडशे पावलांवर थांबत होती. लल्ला शेवटच्या पिवळ्या झेंडीपाशी गेल्या. तिथून कोरड्या पात्रापर्यंत हळूहळू चालत गेल्या, आणि परत आल्या. वहीत तारीख घातली, जागा लिहिली.

सी नूमानच्या अहवालात 'बहुधा' असा शब्द आहे. परदेशातल्या दोन प्राध्यापकांना अजून वायव्येकडचीच जागा खरी वाटते. मला त्या शब्दाचा राग येतो. लल्लांना येत नाही. त्या म्हणतात, "माझी पहिली जागा चुकली होती ना? त्यांना शंका घेऊ दे की." अहवालात सी अल्लालांचं नाव आहे, लल्लांचं आहे, हाज्जा मन्नानांचंही आहे. हाज्जांनी ते पान मागून घेतलं आणि चौकटीत घालून लावलं. पोलीस कधी आलेच तर त्यांनाच दाखवणार म्हणतात.

उलाद सलमाच्या चौदा बायका आता पथकाबरोबर रोजावर काम करतात. ओळीने कसं चालायचं, झेंडी कुठे लावायची, हे त्यांना लल्लांनी शिकवलंय. हाज्जांची सून तर नुसत्या नजरेने शिसं ओळखते. बाजारात 'लल्ला खिळा' हे नाव अजून चालतं, फक्त हल्ली भाजीवाला ते म्हणताना उभा राहतो.

लल्लांचा गुडघा दुखतो, चढावर त्या काठी घेतात. पण डोक्यात नवं घुसलंय. लढाईच्या आदल्या दिवशी सैन्याने कुठेतरी तळ ठोकला असणार, तंबूच्या मेखा पडल्या असणार. काल फोन आला. "लज़हर, उद्या सात वाजता. घाटाच्या पलीकडचं सपाट रान बघायचंय. तुझ्या बायकोला सांग, भाकरी जास्त टाक, यंदा बरंच चालायचंय."

मी आता सरकारी जीप चालवत नाही, माझी स्वतःची छोटी टेंपो गाडी आहे. टायरमध्ये हवा भरून ठेवली आहे, मागे फावडंही टाकलंय.